शुक्रवारचा रविवार

आम्ही शारजाहून गावात पोचलो तो मंगळवार होता, 5 एप्रिल 2022. शुक्रवारी सकाळी आठलाच धाकटा आंघोळ करून, केसांना तेल लावून, कॉलरचा शर्ट घालून ओट्यावर येऊन बसला.

"आई, चल ना, उशीर होतोय."

"कुठे?"

"उपासनेला."

सासूबाई सुपात तुरीची डाळ पाखडत होत्या. हात थांबवून त्यांनी आधी नातवाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "बावा, आज सुक्रवार हाये. उपासना आयतवारी राह्यते."

आठ वर्षांच्या पोराची यात काही चूक नव्हती. अमिरातीत 2021 अखेरपर्यंत सुट्टी शुक्रवार-शनिवारी असायची आणि रविवारी सगळे कामावर. म्हणून तिथली ख्रिस्ती मंडळी रविवारची उपासना शुक्रवारी उरकायची. शारजात यर्मूक भागात चर्चांच्या इमारती शेजारीशेजारी आहेत. तिथल्या एका हॉलमध्ये मल्याळी उपासना सुटली की आमची मराठी सुरू व्हायची, आणि आमचा आशीर्वाद होईतो तमिळ मंडळी दाराशी चपला काढून उभी असायची. बरोबर दोन तास मिळायचे, मिनिटभर जास्त नाही. जानेवारी 2022 मध्ये तिथल्या सुट्ट्या बदलल्या, पण शारजानं शुक्रवार सोडला नाही, आमचाही वार बदलला नाही. धाकटा जन्मला तिथंच. त्याच्या लेखी देवाचा वार शुक्रवार.

पुढच्या शुक्रवारी तो पुन्हा तयार होऊन बसला, आणि नेमका तो निघाला गुड फ्रायडे. पाळकसाहेब आले, सगळी मंडळी जमली, तीन तास उपासना चालली. पोरगं विजयी मुद्रेनं आजीकडं बघत होतं.

आम्ही का परतलो हे लोक अजून विचारतात. सासरे 2021 च्या मे महिन्यात गेले. घरीच, झोपेत, हृदयाच्या झटक्यानं. तेव्हा कोविडमुळं अमिरातीनं भारतातून येणाऱ्यांना बंदी केली होती. इकडे येता आलं असतं, पण परत जाता आलं नसतं, आणि दोघांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. आम्ही आलो नाही. मातीला वीसच माणसांची परवानगी होती. चुलत भासऱ्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या चुलतभावानं, मोबाइल धरला, आम्ही शारजाच्या हॉलमध्ये सोफ्यावर बसून पाहिलं. पाळकसाहेब प्रार्थना करत असताना चित्र थिजलं ते थिजलंच. परत लागलं तेव्हा माती लोटून झाली होती आणि भासरे फावडं धुत होते.

त्या रात्री नवरा म्हणाला, "एक वर्ष. मग जाऊ." वर्षाला एक महिना कमी असताना निघालो.

तिकडचं आवरणं मला सोपं वाटलं होतं. मी एका दवाखान्यात अकरा वर्षं परिचारिका होते. नोकरी सोडताना तिथं सेवेचा हिशेब मिळतो, ज्याला सगळे ग्रॅच्युइटी म्हणतात. पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे 21 दिवसांचा पगार, पुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचा. मी वहीत मांडलं, 105 आणि 180, म्हणजे 285 दिवस. खूश झाले. मग लक्षात आलं की हा पगार म्हणजे फक्त मूळ पगार, आणि माझ्या करारात मूळ पगार एकूण रकमेच्या निम्म्याहून कमी लिहिलेला. अकरा वर्षांपूर्वी सही करताना हे बघायला हवं होतं, पण तेव्हा मी फक्त खालचा मोठा आकडा बघितला होता. आखातात जाणाऱ्या नव्या मुलींना मी आता हे एकच सांगते: एकूण पगाराआधी मूळ पगार वाचा.

बाकी मग घराची अनामत, वीज-पाण्याची अनामत, बँकेचं कर्ज नसल्याचा कागद, व्हिसा रद्द करण्याचा क्रम. आधी मुलांचा, मग माझा, शेवटी नवऱ्याचा, कारण आमचे व्हिसा त्याच्या नावावर. मुलांच्या शाळेच्या दाखल्यावर शिक्के मारून आणण्यात दहा दिवस गेले. ते शिक्के इथं येऊन कुणी बघितलेही नाहीत.

सामानाचे सात खोके समुद्रमार्गे कार्गोनं धाडले. 'दारापर्यंत' असं पावतीवर लिहिलेलं होतं. दार नागपूरला निघालं. सहा खोके आले, सातवा अडीच महिन्यांनी आला, त्यातल्या चादरी कुजलेल्या. टीव्ही मात्र सोबत आणला. दोन वर्षांहून जास्त राहून कायमचं परतणाऱ्याला तेव्हाच्या 2016 च्या बॅगेज नियमांप्रमाणे 5 लाखांपर्यंतचं वापरलेलं घरसामान शुल्काशिवाय आणता यायचं. अट अशी, की आधीच्या दोन वर्षांत भारतातल्या सुट्ट्या मिळून सहा महिन्यांच्या वर झालेल्या नसाव्यात. नागपूर विमानतळावर पहाटे कस्टम्सच्या साहेबांनी चौघांचे पासपोर्ट उलटले, दिवस मोजायला घेतले आणि मध्येच थांबले. "कोविडमध्ये आलाच नाहीत का?" नाही म्हटलं. त्यांनी पासपोर्ट परत दिले आणि काही बोलले नाहीत.

टीव्ही गावात आला, पण त्याची वायर भिंतीत जाईना. तिकडच्या पिना चौकोनी, जाडजूड. मिक्सर, इस्त्री, किटली, सगळ्यांचं तेच. पांढरकवड्याहून इलेक्ट्रिशियन आला, ओट्यावर बसून त्यानं एकामागून एक अकरा पिना कापल्या. कापलेल्या पिनांचा ढीग धाकट्यानं डब्यात भरून ठेवला. अजून आहे तो डबा.

सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी चहा देताना विचारलं होतं, "कायले आले तुमी?"

मला ते लागलं. आम्ही त्यांच्यासाठी आलो होतो ना! पण त्या खरंच विचारत होत्या. दर महिन्याला येणारे पैसे बंद होणार, घरात चार तोंडं वाढणार, शेती एकटीनं आणि भासऱ्यांच्या मदतीनं चाललीच होती. मग त्यांनी घरातली लोखंडी पेटी दाखवली. ती मी लग्न झाल्यापासून पाहत होते, तिच्यावर गाद्या रचलेल्या असायच्या. "तुह्ये सासरे बी असेच आले होते. हे पेटी घिऊन."

यवतमाळला तेव्हा युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, देशभरातून पाळक व्हायला मुलं यायची. सासरे तिथं मुलांच्या जेवणघरात स्वयंपाकी होते. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला हलली. त्यांनाही चल म्हणाले होते. ते गेले नाहीत, पेटी घेऊन गावी आले, आणि साठ-सत्तर माणसांच्या अंदाजानं भात लावणारा माणूस वखर धरायला शिकला. "दोन साल नुसतं नुकसान," सासूबाई म्हणाल्या. "पन सैपाक झकास करे." हे त्या जरा हसून म्हणाल्या, म्हणून मी चहा संपवला.

आता भाषेचं सांगते, कारण त्यात सगळ्यात मजा आणि सगळ्यात पंचाईत झाली.

शारजात घरी आम्ही मराठी बोलायचो, पण थकून आलेल्या नवरा-बायकोची मराठी म्हणजे 'जेवलास का', 'दिवा बंद कर', 'उद्या किती वाजता'. मुलांना सलग, पुऱ्या वाक्यांची मराठी कानावर पडायची ती शुक्रवारी, उपासनेत. पवित्र शास्त्राचं वाचन, गीतं, वडीलधाऱ्यांच्या लांब प्रार्थना. शाळेत हिंदी असल्यानं देवनागरी वाचता येत होतं, त्यामुळं मुलगी तेरा वर्षांची होईतो उपासनेत वाचनही करायची. आम्हाला फार कौतुक होतं. ती भाषा शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या वळणाची आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

गावात आल्यावर ती उघडी पडली. पहिल्याच आठवड्यात पोरीच्या हातून दुधाचं गंज उपडं झालं. ती घाबरून म्हणाली, "आजी, मजवर रागावू नकोस." सासूबाई दूध विसरून तिच्याकडं बघत राहिल्या. धाकटा तर प्रत्येक गोष्ट 'पाहा' म्हणून सुरू करायचा. "पाहा, एक मनुष्य आला आहे." तो मनुष्य म्हणजे लाइटबिलाची नोंद घेणारा. ताप आला तर "मला व्याधी झाली आहे." किराणा दुकानात उभा राहून "मला अर्धा किलो साखर द्यावी, अशी विनंती आहे" म्हणाला, तर दुकानदारानं त्याला महाराज म्हणायला सुरुवात केली. गल्लीतली पोट्टी आठ-पंधरा दिवस मागं लागली होती, "ए महाराज, बोल ना काई."

त्याला रडू यायचं. आणि मला राग यायचा तो पोट्ट्यांपेक्षा स्वतःचा. अकरा वर्षं आपण लेकरांना मराठी शिकवतोय असं समजत होतो, आणि शिकवली ती एकट्या देवाशी बोलायची.

शाळा पांढरकवड्यात घेतली, इंग्रजी माध्यमाची. 2020 च्या कायद्यापासून मराठी तिथंही सक्तीचं झालं आहे, आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत होतं तरी आमची तिसरी आणि आठवी दोन्ही त्यात बसली. मुलीच्या पहिल्या निबंधाखाली बाईंनी लाल शाईनं लिहिलं होतं, "भाषा सुंदर आहे, पण इतकी जुनी का?"

प्रवेशाच्या वेळी घोडं अडलं ते आधारवर. शाळेच्या संगणकात मुलांची नोंद आधार क्रमांकाशिवाय पुढं सरकेना. आधार केंद्रावर गेलो तर तिथला पोऱ्या म्हणे, परदेशातून आलात, आधी इथं 182 दिवस राहा. भारतीय पासपोर्टवाल्यांना ही अट 2019 मध्येच काढून टाकली आहे, पण हे मला त्याला पटवता येईना. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला नवऱ्यानं परिपत्रक छापून नेलं आणि ते त्याच्या टेबलावरच्या काचेखाली सरकवलं. "आता पुढच्या माणसालाही लागेल," म्हणाला. काम त्याच दिवशी झालं.

मग नाव. पासपोर्टात मुलांचं नाव आणि आडनाव एवढंच, आणि शाळेच्या फॉर्मला वडिलांचं नाव मधे हवं. ते निस्तरलं. त्याच्या खाली धर्म आणि जात असे दोन रकाने. धर्मापुढं कारकुनानं 'ख्रिश्चन' लिहिलं आणि पेन उचलून विचारलं, "जात काय टाकू?"

इथं थोडं घरचं सांगायला हवं. माझ्या आजेसासऱ्यांचा बाप्तिस्मा मिशनच्या काळात झाला. यवतमाळ भागात अमेरिकेतून आलेल्या फ्री मेथडिस्ट मिशनचं काम फार जुनं. त्यांच्या सख्ख्या भावानं मात्र 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला दीक्षाभूमीवर जाऊन बाबासाहेबांसोबत बौद्ध धम्म घेतला. एकाच भिंतीच्या अलीकडं-पलीकडं दोन्ही घरं; भासरे त्या पलीकडच्या घरातले. नाताळला त्यांच्याकडं करंज्या जातात, धम्मचक्र दिनाला त्यांच्याकडून खीर येते. कागदावर मात्र भिंत जाड आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या होत्या, 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती त्यात नाहीत. भासऱ्यांच्या मुलांना दाखला मिळतो, आमच्यांना नाही, आणि गावात मात्र आम्ही दोन्ही घरं एकाच मोहल्ल्यातली, गावाच्या त्याच टोकाची. गाव कुणाचा कागद बघत नाही.

"काही टाकू नका," नवरा म्हणाला. कारकुनानं आडवी रेघ ओढली.

जमीन साडेचार एकर. काळी, कोरडवाहू. नवऱ्याच्या मनात शेती करायचीच होती, आणि आम्ही आलो तेव्हा कापूस क्विंटलला 10 हजारांच्या वर गेलेला. हमीभाव होता सहा हजारांच्या आसपास. कधी नाही असा भाव. त्याला वाटलं, आपण बरोबर वेळेला आलो. भासरे फक्त एवढंच म्हणाले, "भाव पाहून पेरू नोको रे. पाऊस पाहून पेर."

पेरला. जुलैत यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरकडं पावसानं जे थैमान घातलं ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या खालच्या दीड एकरात चार दिवस पाणी तुंबलं, रोपं पिवळी पडून आडवी झाली. नवरा बांधावर उभा राहून मोबाइलवर फोटो काढत होता. वखारीत चौदा वर्षं साठ्याचा हिशेब ठेवलेला माणूस, नुकसान झालं की फोटो काढायचा ही सवय अंगातली. ती इथं उपयोगी पडली, कारण पंचनामा झाला आणि यादीत नाव लागलं. सरकारनं तेव्हा कोरडवाहू पिकांना हेक्टरी 13,600 रुपये जाहीर केले होते. आमच्या दीड एकराचे होत होते 8 हजारांच्या वर.

यादीत नाव लागलं ते सासऱ्यांचं. माणूस जाऊन वर्ष झालेलं, खातं बंद. सातबाऱ्यावर अजून तेच.

वारस नोंदीचा अर्ज आम्ही मे महिन्यातच दिला होता. तो अडला होता दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे सातबाऱ्यावर सासऱ्यांचं घरचं नाव आणि मृत्यूच्या दाखल्यावर बाप्तिस्म्याचं. आमच्या समाजात हे घरोघरी आहे. शेताला एक नाव माहीत, चर्चच्या रजिस्टरला दुसरं. ही दोन्ही एकाच माणसाची नावं आहेत असं प्रतिज्ञापत्र, सोबत दोन जुन्या माणसांचे जबाब. एक जबाब भासऱ्यांचा.

दुसरं जास्त मजेदार. तलाठी म्हणाले, "वारस कोण कोण?" सासूबाई, माझा नवरा, दोन नणंदा. "बहिणींचं हक्कसोड आणलं का?" जणू आधार कार्डाची झेरॉक्स आणली का, इतक्या सहज. नवराही सहज म्हणाला, "आणू." नणंदांना फोन केला. धाकटी हो म्हणाली, थोरली म्हणाली, "आधी माह्या किती हाये ते तं समजू दे, मंग सोडतो का नाई ते सांगतो."

खरंच, किती? कुणालाच माहीत नव्हतं. सगळे चार भाग समजून चालले होते. मग केळापूर कोर्टातल्या एका वकिलांनी समजावलं, की ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर हिंदू वारसा कायदा लागत नाही, 1925 चा भारतीय वारसा कायदा लागतो. त्यात विधवेला एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश मुलांमध्ये सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. साडेचार एकरात दीड एकर सासूबाईंचं, आणि तिघा भावंडांना एक-एक एकर.

सासूबाई सोबत होत्या. वकिलांनी दोनदा सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. "म्हंजे माह्या हिस्सा सगळ्यायहून जास्त?"

"हो आजी."

कोर्टाबाहेर टपरीवर चहा घेताना त्या काही बोलल्या नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "पुढच्या साली माह्या दीड एकरात पराटी नाई. तूर आन् जवारी."

थोरलीनं हक्क सोडला नाही. तिचं बघून धाकटीनंही नाही सोडला. नवऱ्याचं तोंड आठवडाभर उतरलेलं होतं, म्हणे लोक काय म्हणतील, परदेशातून आला आणि बहिणींनी वाटा धरला. मला बरं वाटलं होतं. हे मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. आता वाचेल.

चौघांची नावं चढायला नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही, असं करत ऑक्टोबर उजाडला. नुकसानीचे पैसे त्यानंतर, बाकी तिघांच्या संमतीपत्रावर, सासूबाईंच्या खात्यात फेब्रुवारीत आले. तोवर त्या पैशांचं बी-खत उधारीवर आणून, पेरून, काढूनही झालं होतं.

रात्रीचं मी लिहिणार नव्हते, पण लिहिते. शेतीच्या पंपांना आमच्याकडं काही आठवडे दिवसा वीज मिळते, काही आठवडे रात्री. भासऱ्यांच्या विहिरीवरून आम्ही हरभऱ्याला पाणी घेतो. टिपेश्वरचं अभयारण्य जवळ, आणि ज्या वाघिणीला 2018 च्या नोव्हेंबरात मारलं तिची दहशत या भागानं दोन वर्षं काढलेली. नवरा पहिल्यांदा रात्री ओलिताला निघाला तेव्हा मी शारजाच्या अकराव्या मजल्यावर बाल्कनीत कपडे वाळत घालत होते ते दिवस आठवले. भासऱ्यांनी त्याच्या हातात एक परात आणि चमचा दिला. "वाजवत जाय." रात्री दोनपर्यंत मी ओट्यावर बसून ती परात ऐकत होते. वाजायची थांबली की उभी राहायचे.

चर्च आमचं पत्र्याचं, बावीस घरांची मंडळी. पाळकसाहेब तीन गावं सांभाळतात, मोटारसायकलीवर येतात, त्यामुळं उपासना अकराला म्हणजे ते येतील तेव्हा. पहिल्या रविवारी मी सवयीनं नवऱ्याशेजारी बसले. कुणी बोललं नाही, पण सगळ्या बायका डावीकडच्या सतरंजीवर आणि मी एकटी उजवीकडं, हे दुसऱ्या गीतापर्यंत कळलं. मधूनच उठून गेले. बायकांनी सरकून जागा दिली. एकीनं कानात विचारलं, "दुबईहून किती सोनं आनलं?" मी म्हटलं, शारजाहून. ती म्हणाली, तेच ते.

महिन्याभरात पंच घरी आले. चर्चचे पत्रे गळतात, दुबईवाल्यांनी काही करावं. मला संताप आला. आमचंच घर गळत होतं, माझी नोकरी लागलेली नव्हती, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण अडकलेलं. पुढं पांढरकवड्याच्या एका दवाखान्यात लागले तेही तिथल्या पगाराच्या सातव्या हिश्श्यावर. पंच गेल्यावर मी बरंच बोलले. सासूबाई ऐकून घेत होत्या. रविवारी उपासनेनंतर मला हाताला धरून चर्चच्या मागच्या भिंतीशी घेऊन गेल्या. तिथं चुन्याखाली ऑइल पेंटची जुनी यादी दिसते, कुणी किती दिले त्याची. सासऱ्यांचं नाव नववं होतं. 51 रुपये. म्हणजे आम्हाला एकदम सगळे पत्रे घालायची गरज नव्हती. आम्ही दोन पत्रे दिले.

नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी कापणीचा सण झाला. शारजातही करायचो, पण तिथं लोक लुलू सुपरमार्केटमधून आणलेली फळं टोपलीत मांडायचे, वरच्या स्टिकरसकट. इथं वेदीपुढं कापसाचं बोचकं, मुगाच्या पुड्या, तुरीच्या हिरव्या शेंगांची जुडी, पाय बांधलेली कोंबडी, कुणाच्या तरी म्हशीचं पहिलं तूप. आमच्या शेतातून द्यायला यंदा फारसं काही नव्हतं. सासूबाईंनी मागच्या छपरावर चढलेल्या वेलाचं कोहळं उतरवलं होतं, चांगलं सात-आठ किलोचं, आणि ते पुसून, त्याच्या देठाला लाल दोरा बांधून त्यांनी स्वतः डोक्यावरून नेलं.

उपासना झाली की लिलाव. कोंबडी साडेसहाशेला गेली, शेंगा दीडशेला. लिलाव करणारा पंच मोठा बोलका. कोहळं दोन्ही हातांनी वर धरून ओरडला, "बोला, दुबईचं कोहळं!" सगळे हसले. पन्नास, ऐंशी, शंभर. भासरे दाराशी उभे होते, या सणाला ते दरवर्षी येतात, त्यांनी दीडशे म्हटलं. मागून कुणीतरी दोनशे. मग सतरंजीवरून, बायकांच्या बाजूनं, माझ्या मांडीला टेकून बसलेल्या धाकट्यानं हात वर केला.

"अडीचशे!"

भासऱ्यांनी मुद्दाम तीनशे केलं. धाकटा उभाच राहिला. "मोठे बाबा, तुमाले कायले पायजे? आमच्या घरचं हाये ना ते! तीनशे धा!"

हशा पिकला. 'महाराज' कुणीच म्हणालं नाही. पंचानं एकदा, दोनदा, तीनदा केलं आणि कोहळं त्याच्या हातात दिलं. त्याला ते पेलेना.

तीनशे दहा रुपये मी पर्समधून मोजून दिले, पावती घेतली. घरी येताना कोहळं नवऱ्याच्या खांद्यावर होतं. सासूबाई वाटभर पुटपुटत होत्या, की आपल्याच छपरावरचं कोहळं पैसे देऊन घरी नेणारी ही पहिली पिढी. अर्ध्याची त्यांनी संध्याकाळी बोंडं केली. उरलेलं अर्धं भिंतीपलीकडं गेलं.